लांब पल्ल्याची पहिली रायफल: बजेट २,५०० डॉलर, सल्ला हवा

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

सांगलीला कॉलेजात असताना एनसीसीत होते. कॅम्पात .२२ रायफलीवर मोजून पाच गोळ्या मिळायच्या, आडवं पडून, पंचवीस यार्डांवर. एकदा माझ्या पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या, आणि सुभेदारसाहेबांनी तो कागद बोर्डावरून काढून माझ्या हातात ठेवला. तो अजून आईच्या कपाटात आहे. पुढे नोकरी, लग्न, व्हिसा, मुलगी, यात नेमबाजी मागे पडली ती पडलीच.

आता अ‍ॅरिझोनात, चांडलरला असते. गेल्या महिन्यात ऑफिसातला एक जण शहराबाहेरच्या रेंजवर घेऊन गेला. ६०० यार्डांवर लोखंडी पत्रा टांगलेला. घोडा दाबला, काहीच झालं नाही, म्हटलं चुकली. आणि दोन-अडीच सेकंदांनी लांबून 'टण्ण' ऐकू आलं. तेव्हापासून डोक्यात तेच वाजतंय.

ग्रीन कार्ड झालंय, त्यामुळे कायद्याची अडचण नाही. शिकार करायची नाही, कागदावर आणि पत्र्यावर नेम धरायचा. महिन्यातून दोन रविवार मिळतील. वर्षभरात १,००० यार्डांवर पोचायचंय. सगळं धरून २,५०० डॉलर. गोळीचा प्रकार ६.५ क्रीडमूर घ्यावा की .३०८? आणि रायफल कुठली?

बोल्टवाला

स्वागत! पहिल्या प्रश्नाचं उत्तर ६.५ क्रीडमूर. पुढचा प्रश्न?

जरा सविस्तर सांगतो. ही गोळी हॉर्नाडी कंपनीने २००७ साली काढली तीच मुळात कागदावरच्या नेमबाजीसाठी. १४० ग्रेन वजनाची लांब, निमुळती गोळी, नळीतून निघताना साधारण २,७०० फूट प्रति सेकंद. १०० यार्डांवर शून्य केलंत (म्हणजे नेम तिथेच गोळी, असा स्कोप जुळवलात) तर १,००० यार्डांपर्यंत ती पंचवीसेक फूट खाली येते. .३०८ ची १७५ ग्रेनची गोळी तीस फुटांच्या पुढे जाते, आणि तिथवर पोचेतो आवाजाच्या वेगाजवळ येऊन लडबडायला लागते. धक्काही ६.५ चा कमी, त्यामुळे गोळी कुठे लागली हे स्वतःच्याच स्कोपमधून (रायफलीवरच्या दुर्बिणीतून) दिसतं. एकटीने सराव करणार असाल तर हे फार मोलाचं.

रायफल: बर्गारा बी-१४ एचएमआर किंवा टिक्का टी३एक्स सीटीआर. दोन्ही हजार ते बाराशेत बसतात. मी टिक्का घेईन. बोल्ट (गोळी आत ढकलणारा दांडा) असा सरकतो की तेल घातलेली झोपाळ्याची कडी.

पेठकर

टिक्का पनीर की चिकन?

आणि २,५०० डॉलर हे बजेट? आमच्याकडे एवढ्यात दोन चाकांची गाडी येते, शिवाय पेट्रोलला उरतात. लांब पल्ल्याचीही असते.

नाना_टेक्सास

क्रीडमूर क्रीडमूर करणाऱ्या पोरांनो, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून लोक .३०८ ने हजार यार्ड मारत आलेत. १९५२ ची गोळी आहे ती. कुठल्याही गावातल्या दुकानात मिळते. आणि नळीचं आयुष्य? क्रीडमूरची नळी दोन-तीन हजार गोळ्यांत म्हातारी होते. माझ्या .३०८ ने पाच हजार कधीच ओलांडले.

शिवाय .३०८ माणसाला वारा वाचायला शिकवते. खाली येणं गणिताने सुटतं, वारा गणिताने सुटत नाही. ज्याने .३०८ वर वारा शिकला तो पुढे काहीही मारेल.

तांबडा_रस्सा

१९५२! म्हणजे खाशाबा जाधवांचं ब्राँझ आणि नानांची .३०८ एकाच वर्षातली. दोन्हींना दंडवत.

बोल्टवाला

नाना, "अवघड आहे म्हणून चांगली" हा न्याय लावायचा तर ताईंना ठासणीची बंदूकच द्या ना.

हिशेबनीस

ताई, रायफल कुठली हे नंतर. आधी कागदावर आकडे मांडू. मीही याच खड्ड्यात पडलो होतो.

रायफल (बर्गारा धरा) १,०५०. स्कोप ६००. स्कोपचा माउंट १२०. बायपॉड (नळीखालचा दोन पायांचा टेकू) ११०. दस्त्याखाली ठेवायची वाळूची पिशवी ५०. इलेक्ट्रॉनिक कानझाकणं ६०. स्क्रू ठरावीक जोराने आवळायचा टॉर्क-पाना ६०. झाले २,०५०. उरले ४५०. मॅचच्या प्रतीच्या वीस गोळ्यांची पेटी पस्तीसच्या आसपास, म्हणजे बारा पेट्या, २४० गोळ्या. महिन्यातून दोन रविवार आणि दर वेळी ४० गोळ्या धरल्या तर तीन महिन्यांत खडखडाट.

रायफल एकदाच घ्यायची असते, गोळ्या दर महिन्याला. हप्ता नसलेलं गृहकर्ज आहे हे.

शून्यप्रहर

हिशेबनीस, टॅक्स धरला नाहीत. आठेक टक्के लावा, दीडशेच्या वर गेले. २४० च्या १६० गोळ्या झाल्या बघा.

हिशेबनीस

नावाला बट्टा लागला. मान्य.

नवा_गडी

मध्येच विचारतो, क्षमा असावी. मी एच-१बी वर आहे, डॅलसला. मलाही शिकायचंय. मित्र म्हणतो की दुकानात नुसती पे-स्लिप दाखवली की मिळते. खरं का?

नाना_टेक्सास

मित्र बदल.

एच-१बी, एल-१, एफ-१ हे सगळे केंद्राच्या कायद्यात 'नॉन-इमिग्रंट'. या व्हिसावर असलेल्याला बंदूकच काय, गोळीही जवळ बाळगता येत नाही. अपवाद मोजके आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे राज्याचा वैध शिकार परवाना. दुकानात फॉर्म ४४७३ भरावा लागतो, त्यात हे सरळ विचारलेलं असतं, आणि तिथे खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा. रेंजवर भाड्याने घेऊन मारणं हेही 'जवळ बाळगण्यात' येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. बाळा, इथे चूक झाली तर दंडावर भागत नाही, व्हिसाच जातो. आधी वकील, मग परवाना, मग रेंज.

ओंडका

राज्याराज्यात फरक आहे हेही लक्षात घ्या. मी न्यू जर्सीत, इथे आधी खरेदीदाराचं ओळखपत्र काढावं लागतं. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूकधारकाचं ओळखपत्र. कॅलिफोर्नियात परीक्षा देऊन सर्टिफिकेट, वर दहा दिवस थांबा. अ‍ॅरिझोनावाल्यांची चैन आहे.

अनुस्वार

मला हा धागा वाचून अस्वस्थ वाटलं. इथे शाळांतून मुलांची 'लॉकडाउन ड्रिल' (बंदूकधारी शिरला तर लपायचा सराव) होतात. माझा मुलगा सात वर्षांचा असताना घरी येऊन म्हणाला, "आम्ही आज कपाटात गप्प बसायचं शिकलो." त्या देशात राहून आपल्या मराठी घरात हौसेने रायफल आणायची आणि वर टिक्का-पनीरचे विनोद? ताईंवर वैयक्तिक राग नाही, पण मला पटत नाही.

पेठकर

विनोद माझा होता. तेवढा परत घेतो.

कृष्णाकाठची

अनुस्वार, राग नाही आला. माझीही मुलगी नऊ वर्षांची आहे, तिच्याही शाळेत ती ड्रिल होते. नवऱ्याचा पहिला प्रश्न हाच होता, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. घरी रायफल ठेवायची तर कशी, हे इथे आधी विचारायला हवं होतं. राहून गेलं.

ओंडका

मग हिशेबनीसांच्या यादीत पहिली ओळ घाला: तिजोरी. भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने जखडलेली. गोळ्या वेगळ्या, कुलपात. बोल्ट काढून तिसरीकडे. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीचं हे बरं असतं, बोल्ट काढला की उरते ती नळी आणि दांडकं. किल्ली किंवा आकडा फक्त तुमच्याकडे. मुलीपासून लपवू मात्र नका. लपवलेली वस्तू मुलं शोधतात. घरात काय आहे आणि त्याला हात का लावायचा नाही, हे सांगा.

घरात कुणाचं मन फार खचलेलं असेल, तर त्या काळात ती घरात नसावी. हे कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.

तीन-चारशे डॉलर तिजोरीला काढून ठेवा. जमत नसेल तर रायफल पुढच्या वर्षी.

अनुस्वार

धन्यवाद. मत बदललेलं नाही, पण ही ओळ यादीत पहिली आली याचं बरं वाटलं.

ढगातला_नेम

आता बजेट खरंच आवळलं गेलंय, तर माझा उलटा सल्ला: क्रीडमूर नको, .३०८ पण नको. .२२ घ्या.

हसू नका, गणित बघा. .२२ ची गोळी ५० यार्डांवर शून्य केली की २०० यार्डांवर ती जेवढे मिल (स्कोपवरचं कोनाचं माप) खाली येते आणि दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात जेवढे मिल सरकते, ते आकडे ६.५ क्रीडमूरच्या १,००० यार्डांच्या आकड्यांच्या आसपासच येतात. म्हणजे हजार यार्डांचं शिक्षण दोनशे यार्डांत. एका क्रीडमूरच्या पैशात .२२ च्या दहा गोळ्या येतात. सीझेड ४५७ किंवा टिक्का टी१एक्स, पाचशे-सहाशेला. एनआरएल२२ नावाच्या मॅच असतात, लक्ष्यं १०० यार्डांच्या आतच, पण अशी बारकी की घाम फुटतो. शिवाय ताई, तुमचा हात बसलेलाच आहे .२२ वर!

स्कोप मात्र चांगला घ्या. पुढे मोठी रायफल आली की तोच तिच्यावर चढेल. फक्त पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो तो दोष) घालवायची चकती २५ यार्डांपर्यंत खाली येते ना ते बघून घ्या.

बोल्टवाला

.२२ ने 'टण्ण' होत नाही, 'टिक' होतं. माणूस 'टण्ण' साठी आलाय इथे.

तांबडा_रस्सा

आता जरा आमच्या गावाकडचं ऐका. विषयांतर होईल, पण लई राहवत नाही.

तुम्ही बायपॉड, पिशव्या, पंचवीसपट स्कोप घेऊन लोळता. आमच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला, १ ऑगस्ट २०२४ ला, ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, अंतिम फेरीत ४५१.४. गुडघ्यावर, आडवं आणि उभं. भिंगाचा स्कोप नाही, नुसती छिद्रांची साइट. त्या ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ किती असतं? १०.४ मिलिमीटर. तेच प्रमाण हजार यार्डांवर नेलं तर १९ सेंटिमीटर, साडेसात इंच. तुमच्या एफ-क्लासचं (टेकू आणि स्कोप लावून मारायची लांब पल्ल्याची स्पर्धा) हजार यार्डांचं दहाचं वर्तुळ पुरतं दहा इंच! आणि तेही झोपून!

मी स्वतः १० मीटर एअर रायफल मारायचो. तिथला दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, छर्राच ४.५ मिलिमीटरचा. पेपर आला की आधी भोक बघायचं, ठिपका गेला असेल असं धरून चालायचं.

शून्यप्रहर

भारी तुलना. पण न्याय करा, ५० मीटरला वारा एवढा नडत नाही. हजार यार्डांवर दहा मैलांचा आडवा वारा क्रीडमूरला सहा फूट ढकलतो. तीन मैलांची चूक केली की दहाचं वर्तुळ सोडाच, शेजारणीच्या कागदावर भोक शोधायची वेळ.

तांबडा_रस्सा

मान्य. पण मुद्दा वेगळा होता. आमच्या सरांनी पहिले तीन महिने छर्राच दिला नाही. नुसतं होल्डिंग. रायफल धरून उभं राहायचं, साइटमधून ठिपका बघायचा, रिकामा घोडा दाबायचा. रोज अर्धा तास. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला जगज्जेती झाली ती काय भारी रायफलीने झाली का? ताई, घरी भिंतीवर ठिपका लावा आणि रिकामी दाबत बसा. त्याला ना डॉलर लागतात ना टॅक्स. फक्त चेंबर (नळीतली गोळीची जागा) रिकामं आहे हे दोनदा बघायचं, आणि गोळ्या त्या खोलीत नकोत. .२२ घेतलीत तर रिकाम्या चेंबरवर घोडा पाडलेला चालतो का हे माहितीपुस्तकात बघून घ्या, सगळ्यांना चालत नाही.

कृष्णाकाठची

"पहिले तीन महिने छर्राच दिला नाही" हे वाचून सुभेदारसाहेब डोळ्यांसमोर आले. मंडळी, खूप शिकतेय. स्कोपबद्दल कुणी बोलेल का? मिल की एमओए? आणि ६०० डॉलरमध्ये नेमकं काय बघायचं?

बोल्टवाला

मिल घ्या. एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर. एमओए म्हणजे १०० यार्डांवर १.०४७ इंच. आपण दशमानात वाढलो, उगाच इंचांच्या नादी कशाला लागायचं? खरं म्हणजे सेंटिमीटर-इंच काहीच मोजायचं नसतं. स्कोपमधल्या रेघांनी चूक मोजायची आणि तेवढेच आकडे फिरवायचे. आणि रेंजवर शेजारचा जे बोलतो तेच घ्यावं, नाहीतर तो ओरडणार "पॉइंट थ्री डावीकडे" आणि तुम्ही भागाकार करत बसणार.

फर्स्ट फोकल प्लेन असावा. झूम केलं की रेघाही त्याच प्रमाणात मोठ्या होतात, त्यामुळे कुठल्याही झूमला माप खरं राहतं. व्होर्टेक्स, आर्केन, अ‍ॅथलॉन यांचे या किमतीतले चालतील. काच थोडी धुरकट असली तर चालते. फिरवलेला आकडा खोटा निघाला तर नाही चालत.

मोडका_ओळंबा

याच खोट्या आकड्याने मला सहा महिने रडवलं. कंपनीचं नाव घेत नाही. ५०० यार्डांवर नेहमी खाली. गोळ्या बदलल्या, श्वास बदलला, गुरू बदलला. शेवटी एका म्हाताऱ्याने सांगितलं, उंच कागद लाव. १०० यार्डांवर चार फुटांचा कागद, त्यावर ओळंब्याने मारलेली उभी रेघ. खालच्या ठिपक्यावर नेम धरून पाच मारायच्या, मग स्कोप १० मिल वर फिरवून त्याच ठिपक्यावर नेम धरून पाच. दुसरा पुंजका बरोब्बर ३६ इंच वर यायला हवा. माझा ३४ वर! शिवाय रेघेपासून बाजूलाही सरकलेला, म्हणजे स्कोपच तिरका बसवलेला. स्कोपचा दोष त्यांचा, तिरकेपणा माझा.

म्हणून सांगतो, स्कोप बसवताना मोबाइलच्या अ‍ॅपवर विसंबू नका. अंगणात दोरीला नट बांधून टांगा, स्कोपची उभी रेघ त्या दोरीला मिळवा. घर बांधताना गवंडी हेच करतो.

नाना_टेक्सास

आणि स्क्रू! मी एकदा साठ गोळ्या घालवल्या, रायफलीला शिव्या दिल्या, विकायला काढली. घेणाऱ्याने स्कोप हाताने हलवून दाखवला. माउंटचे स्क्रूच ढिले. त्या दिवशी टॉर्क-पाना घेतला. (रायफल विकली नाही. तीच ही .३०८.)

बिनधास्त

एवढं काय चाललंय? माझी साडेपाचशेची रुगर अमेरिकन अर्धा एमओए मारते. फोटो आहे. तीन गोळ्या, एकच भोक.

ढगातला_नेम

किती वेळा?

बिनधास्त

तेव्हा मारली होती ना!

ढगातला_नेम

तीन गोळ्यांचा पुंजका म्हणजे तीन घरं फिरून निवडणुकीचा अंदाज. दहा मारा, एकाच कागदावर, मधली वाईट गोळी "ती माझी चूक" म्हणून वगळू नका. अर्ध्याची रायफल बहुतेक वेळा एकाची निघते. आणि एक एमओए वाईट नाही! हजार यार्डांवर साडेदहा इंच होतात. नवशिक्याची वाऱ्यातली चूक त्याच्या कैक पट असते. रुगर अमेरिकन स्वस्त आणि मस्त आहे, यात वाद नाही. वाद फोटोशी आहे.

बिनधास्त

दहा मारून बघतो. (मग गप्प बसलो तर समजून घ्या.)

शून्यप्रहर

ताई, तुम्ही वाळवंटात राहता, तुमच्याकडे एक फुकटचं यंत्र आहे: मृगजळ. दहा वाजल्यानंतर जमीन तापली की स्कोपमधून हवा वाहताना दिसते. लहरी ज्या बाजूला झुकून पळतात तिकडे वारा चाललाय. सरळ वर उकळत असतील तर आडवा वारा जवळपास नाही, किंवा तो समोरून वा पाठीमागून येतोय. फसायला होतं ते बदलताना, लहरी उकळल्या की दोन क्षण थांबा, त्या कुठल्या बाजूला झुकताहेत ते बघा. फीनिक्सच्या बेन एव्हरीवर हजार यार्डांची रेंज आहे. काही विकत घ्यायच्या आधी तिथल्या एखाद्या मॅचला जाऊन नुसत्या बसा, लोकांच्या पाठीमागून बघा. निम्मे लोक स्वतःची रायफल हातात देऊन "मारून बघ" म्हणतील. या खेळातले लोक बोलके असतात, जरा जास्तच.

पेठकर

ते धाग्यावरून कळलंच.

कृष्णाकाठची

तीन महिन्यांनी परत आले. ज्यांना उत्सुकता असेल त्यांच्यासाठी.

तिजोरी घेतली, गॅरेजच्या भिंतीला जखडली. मग टिक्का टी१एक्स, .२२. स्कोप मिलचा, बजेटपेक्षा शंभर जास्त गेले. ओळंबा टांगून बसवला, उंच कागदही मारला, पण .२२ असल्यामुळे ५० यार्डांवर. १० मिलला १८ इंच यायला हवेत, आले पावणेअठरा. मोडका_ओळंबा, चालेल ना? शंभर यार्डांपर्यंत बरं चाललंय. दोनशेवर वारा रोज मला शाळेत बसवतो. परवा एका मॅचला शेवटून तिसरी आले. शेवटच्या दोघांपैकी एक जण अर्ध्यातून घरी गेला होता.

६.५ पुढच्या दिवाळीनंतर. पैसे बाजूला पडताहेत.

आणि एक कबुली. आईला त्या एनसीसीच्या कागदाचा फोटो पाठवायला सांगितला, इथे टाकावा म्हणून. रुपया ठेवून बघितला, झाकले जातात. पण भोकं चारच आहेत.

पेठकर

म्हणजे तीन महिने आम्हाला...

ढगातला_नेम

वाईट गोळी वगळायची नाही असं मी म्हटलं होतं हो ताई!

नाना_टेक्सास

पोरीला छळू नका. पाचवी चौथीच्याच भोकातून गेली. माझ्या .३०८ चं दर रविवारी होतं तसं.